खण लावण्याची परीक्षा

जुन्या जालन्यात मला राहायला जागा मिळाली, ती एक खण नीट लावता आला म्हणून. माझे शिक्षण, सरकारी नोकरी आणि निर्व्यसनीपणा यांचा त्या निर्णयात काही वाटा नव्हता. घरमालकांनी मला पुढच्या खोलीत नेले, भिंतीशी उभ्या असलेल्या एका उंच, काळपट लाकडी कपाटाकडे बोट केले आणि म्हणाले, "खालून दुसरा खण उघडा."

मी उघडला.

"आता लावा."

मी लावला. खण आत सरकत गेला तसा त्याच्या वरचा खण आपोआप बोटभर बाहेर आला. मी दचकलो. घरमालक मात्र कपाटाकडे पाहत नव्हते. ते माझ्या हातांकडे पाहत होते.

"दोन्ही हातांनी धरला. ढकलला न्हाई, पोचवला," ते म्हणाले. "खोली तुमची. सामान कवा आणता?"

तो चमत्कार नव्हता. खण इतके चपखल बसवलेले होते की एक आत जाताना दाबलेल्या हवेला फट सापडत नसे, आणि ती दुसऱ्या खणाला बाहेर लोटत असे. हे स्पष्टीकरण मला पुढे अनेकदा, आणि दरवेळी नव्याने, ऐकावे लागले.

जालना जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या, साहेब आले. बसायला खुर्च्या मागाहून आल्या, आणि त्या लोखंडी होत्या. त्याच लाटेत माझीही बदली झाली. घरमालकांना सगळी गल्ली आबा म्हणे. त्यांची मूळची शेती भोकरदनकडची. ती धाकटे भाऊ पाहत. आबा शहरात राहून अमेरिकन फर्निचर पाहत. त्यांना दुसरा व्यवसाय नव्हता आणि या व्यवसायाला गिऱ्हाईक नव्हते.

ते सामान त्यांच्याकडे आले त्याची हकीकत अशी. निजामाच्या राजवटीत शहराबाहेरच्या एका बंगल्यात अमेरिकन पाद्री आणि त्याची मडम राहत. येताना त्यांनी घरातले सामान जहाजाने आणले होते. जाताना मडमेच्या लक्षात आले की त्याच सामानाला परतीचे भाडे देणे परवडणारे नाही. आबांच्या वडिलांनी ते विकत घेतले आणि बैलगाड्यांत घालून गावी नेले. वडील व्यवहारी होते. झुलत्या खुर्चीत त्यांनी कडब्याच्या पेंढ्या ठेवल्या. गुंडाळत्या झाकणाच्या टेबलात औताचे दोर ठेवले. उंच कपाटाच्या खणांत ज्वारीचे बियाणे भरले, कारण त्यांत उंदीर शिरत नसे. पंचक्रोशीत त्या कपाटाची कीर्ती एवढीच होती. आबांनी लहानपणी ते बियाणे काढताना खणाचे कोपरे पाहिले आणि तेव्हापासून ते शेतीच्या कामातून गेले.

कोपरे खरोखर पाहण्याजोगे होते. कबुतराच्या पिसारलेल्या शेपटीसारखे दात दोन्ही फळ्यांना काढून ते एकमेकांत अडकवलेले होते. खिळा कुठेही नव्हता. कपाट दुमजली. खालचा भाग बाकदार पायांवर उभा, आणि प्रत्येक पाय शेवटी पंजा होऊन एक गोळा पकडून बसलेला. हे पंजे पाहून नवे पाहुणे जरा लांबून चालत. आबांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे जिजी म्हणत असू, दसऱ्याला त्या पंजांना हळदकुंकू लावत. आबा चिडत.

"अगं, ते कोरीवकाम हाय. देव न्हाई."

"मंग तुम्ही रोज सकाळी त्याच्यापुढं वाकून काय करून राह्यले असता?"

"धूळ पुसतो."

"मी पण तेच करते. नुस्तं फडक्याच्या जागी कुंकू."

या विषयावर आबांचा आधारग्रंथ एक होता. मडम जाताना मागे ठेवून गेलेले, वेष्टन नसलेले, जुन्या फर्निचरच्या चित्रांचे इंग्रजी पुस्तक. आबांना इंग्रजी येत नव्हते, त्यामुळे त्यांच्या मतांना पुस्तकाचा अडथळा कधी झाला नाही. चित्रे पाहून त्यांनी ठरवले होते की कपाट अक्रोडाचे आहे, बोस्टनचे आहे, आणि ते करणारा कारागीर डावखुरा होता. एकदा त्यांनी मला कपाटाच्या हुबेहूब भावंडाचे चित्र दाखवले आणि खालची ओळ वाचायला सांगितली. मी वाचली. उंच कपाट, अक्रोड, मालक अज्ञात, असे लिहिले होते. बोस्टनचा उल्लेख नव्हता.

आबा गंभीर झाले. "अज्ञात कसा? मी हाय की."

त्यांच्या सवयी चटकन अंगवळणी पडणाऱ्या नव्हत्या. कोणाच्याही घरी गेले की ते प्रथम वाकून बसण्याच्या वस्तूचे बूड पाहत. माणसाची ओळख तोंडावरून होते, लाकडाची बुडाखालून, असे ते म्हणत. आमच्या गल्लीत एका व्यापाऱ्याचे वडील वारले तेव्हा आम्ही दोघे सांत्वनाला गेलो. आबा दिवाणावर बसण्याआधी सवयीने वाकले, बराच वेळ खाली पाहत राहिले, आणि उसासा टाकून म्हणाले, "खिळेच खिळे मारलेत. काही राह्यलं न्हाई आता." घरातल्या बायकांना ते मृताविषयी वाटले आणि पुन्हा रडारड सुरू झाली. परतताना मी त्यांना बोललो. ते म्हणाले, "खोटं काय बोललो? पुढच्या पावसाळ्यापर्यंत बिलकुल टिकत न्हाई तो दिवाण."

माझ्या कचेरीतही ते एकदा आले. नवे लोखंडी टेबल नुकतेच लागले होते आणि आमच्या साहेबांना त्याचा अभिमान होता. साहेबांनी आबांना बसवले, चहा मागवला. आबांनी न विचारता टेबलाचा खण ओढला. तो किंचाळला. त्यांनी तो लावला. तो पुन्हा किंचाळला.

"साहेब," आबा शांतपणे म्हणाले, "रोज याचं ऐकून ऐकून तुम्हाला लोकांचं ऐकू येणं बंद व्हईल."

साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली तेव्हा त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनाही तेच टेबल मिळाले, आणि लोकांचे म्हणणे ऐकून घेण्याच्या बाबतीत दोघांत फरक आढळला नाही. हे आबांना मी सांगितले नाही. त्यांना आपल्या मतांचे पुरावे गोळा करण्याची सवय नव्हती, आणि ती लागू नये असे मला वाटे.

लाकूड पावसाळ्यात फुगते. मृगाच्या पावसानंतर कपाटाचे खण घट्ट होत आणि आषाढात उघडेनासे होत. आबा याला लाकडाचा चातुर्मास म्हणत. चातुर्मासात कपाटाला हात लावायचा नाही, असा घरात नियम होता. त्या नियमाखाली जिजींच्या ठेवणीतल्या साड्या दरवर्षी आषाढापासून दसऱ्यापर्यंत आत अडकून पडत. श्रावणातल्या मंगळागौरीला, गौरी-गणपतीला त्या रोजच्या लुगड्यात वावरत. माझ्या पत्नीला त्या म्हणत, "माझ्या साड्यांना देवशयनी लागते बघा. देव तरी कूस बदलतो, त्या तेवढं पण न्हाई करत."

आबा स्वतःही सुतारकी शिकलेले होते. कसे, ते सांगतो. पाद्र्याच्या खुर्च्या एकसारख्या होत्या. पाठीला बारीक दांड्या, बसायला कोरून खोलगट केलेली फळी. कारागिराने सांधे कसे घेतले ते समजावे म्हणून आबांनी त्यांतली एक खुर्ची सुटी केली. सांधे समजले. खुर्ची पुन्हा उभी राहिली नाही. ती पोत्यात भरून माळ्यावर ठेवली होती आणि आबा तिला "शिकवणारी खुर्ची" म्हणत. उरलेल्या खुर्च्यांवर बसायला पाहुण्यांना परवानगी होती, टेकायला नव्हती.

गल्लीकडच्या पडवीत त्यांचा रंधा, पटाश्या, गुण्या आणि सरस उकळायचे भांडे होते. तिथे त्यांनी सागवानाचा एक खण करायला घेतला होता. कपाट नाही. फक्त खण. मी राहायला गेलो त्याच्या कितीतरी आधीपासून तो चालू होता. तो पुरा झाला की मग त्याच्या मापाचे कपाट करायचे, असा बेत होता. कोपऱ्याच्या सांध्यात केसाएवढी फट दिसली की आबा फळी टाकून नवी घेत. गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेला सुतार रोज सायकलवरून जाताना पडवीशी पाय टेकवी.

"आबा, झाला का खण?"

"होऊन राह्यलाय."

"लेकीच्या लग्नाआधी का नातवाच्या?"

"तुझ्यासारखे खिळे ठोकले असते तर तुझ्या जन्माआधी झाला असता."

सुतार हसत पुढे जाई. महिन्याकाठी तो कितीतरी दिवाण आणि कपाटे विकत असे, त्यामुळे त्याला अपमान परवडत होता.

लेकीच्या लग्नाचा उल्लेख मात्र थट्टेचा राहिला नव्हता. आबांना एकच मुलगी, सुमन. ती प्राथमिक शाळेत शिकवी. शांत, नीटनेटकी आणि बोलण्यात बापापेक्षा आईवर गेलेली. आबांनी ती लहान असतानाच जाहीर केले होते की अक्रोडाचे कपाट सुमनच्या लग्नात सुमनबरोबर जाईल. दुसरे काही द्यायचे नाही. आणि कपाट ज्याच्या घरी जाणार तो माणूस आधी पारखून घ्यायचा. म्हणून सुमनला पाहायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला पोहे खाऊन झाल्यावर कपाटापुढे उभे केले जाई आणि खण उघडून लावायला सांगितले जाई.

सुमनला पाहायला आलेल्यांपैकी काहींच्या वेळी मी हजर होतो. चार माणसांत एक शिकलेला असावा म्हणून आबा मला बोलावत. औरंगाबादचा एक अभियंता आला. पगार चांगला, घर स्वतःचे. त्याने खण उघडला आणि गुडघ्याने लावला. आबांनी निरोपाचा विडा पुढे केला. नांदेडचा एक प्राध्यापक आला. त्याने खण उघडून कारागिरीवर पाच-दहा मिनिटे उत्तम भाषण केले, आणि खण उघडाच ठेवून खाली बसला. परभणीकडच्या एका जमीनदाराच्या मुलाने एका बाजूची मूठ धरून ओढले, खण तिरपा होऊन अडकला, तेव्हा त्याने वडिलांना हाक मारली. एका तरुणाने तर परीक्षा होण्याआधीच चहाची कपबशी कपाटावर ठेवली. त्याला खण उघडण्याची संधीही मिळाली नाही.

प्रत्येक वेळी आबा एकच सांगत. "लाकडाला जो झोंबतो तो बायकोला पण झोंबतो."

यात तथ्य असेलही. परंतु स्थळे येणे कमी होत गेले. जी मुले येत ती आधीपेक्षा वयाने मोठी, नंतर एखाद-दुसरा बिजवर. नात्यातल्या बायका जिजींना विचारू लागल्या की मुलीत काही आहे का. लग्नाच्या बाजारात कपाटात काही आहे असे कोणी म्हणत नाही, मुलीतच म्हणतात. माझ्या पत्नीजवळ सुमन एकदा म्हणाली, "वहिनी, इथं लग्न माझं न्हाई, कपाटाचं ठरून राह्यलंय. मी त्याच्यासंगं आंदण जाणार."

हे मी आबांच्या कानावर घातले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "पोरीला विनोद चांगला येतो."

मग परतूरचे स्थळ आले. मुलाचे वडील नव्हते. मामाने वाढवले होते आणि मामाचा शब्द अखेरचा होता. घर शेतकऱ्याचे, कापसाचे. मुलाने मात्र परतूरला पत्र्याची कपाटे आणि टेबले करण्याचा कारखाना टाकला होता. कारखाना म्हणजे एक छप्पर, एक वेल्डिंगचे यंत्र आणि दोन कामगार. मुलगा पदवीधर होता, निरोगी होता, आणि मुख्य म्हणजे सुमनचा फोटो पाहून त्याने स्वतः होकार कळवला होता. जिजींनी देवापुढे साखर ठेवली.

आबांना लोखंड खटकले. तरी ते न्यायी होते. परीक्षा सर्वांना सारखी, असे म्हणून त्यांनी स्थळ नाकारले नाही. अडचण वेगळीच निघाली. मामाने निरोप पाठवला की पेरण्या उरकल्या आहेत, पुढे निंदणीची घाई होईल, तेव्हा येत्या रविवारीच येतो. तो आषाढ होता. आठवडाभर पावसाची झड लागलेली. कपाटाचा चातुर्मास चालू होता आणि एकही खण हलत नव्हता.

"दिवाळीनंतर या म्हणावं," आबा म्हणाले.

जिजी पोळ्या लाटत होत्या. लाटणे थांबले. "दिवाळीपर्यंत ते तुमच्यासाठी थांबतील? त्यांच्याकडं पोरींच्या रांगा लागल्यात. तसंच बघू द्या पोरीला. खण राहू द्या ह्या वक्ताला."

"परीक्षेबिगर? मंग आधीच्या पोरांचा काय गुन्हा होता?"

न्यायबुद्धी ही वाईट गोष्ट नाही, पण ती रिकाम्या माणसाजवळ असू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीला निघालो तेव्हा पुढच्या खोलीत आबा जमिनीवर बसले होते. कपाटाच्या पंजांमध्ये, खालच्या फळीखाली, त्यांनी कोळशाची शेगडी ठेवली होती आणि ते तिला वारा घालत होते. लाकडातला ओलावा काढून पावसाळ्यातच कपाट उन्हाळ्यासारखे करायचे, असा त्यांचा विचार होता. मी म्हटले की हे धोक्याचे वाटते. ते म्हणाले, "आच मंद हाय. बराबर हिशोबानं देऊन राह्यलोय."

जिजी दारातून म्हणाल्या, "द्या, द्या. बाळंतिणीला शेक देतात तसा द्या. ओवा पण टाकू का वरून?"

रविवारपर्यंत शेगडी विझली नाही. आबा तिथेच जेवत. खोलीत तापलेल्या पॉलिशचा आणि धुराचा वास भरून राहिला. रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावले. चेहऱ्यावर विजय होता. त्यांनी खालचा खण दोन बोटांनी ओढला आणि तो सुरळीत बाहेर आला. शेगडी उचलून त्यांनी पडवीत नेऊन ठेवली, सतरंजी अंथरली आणि टोपी घालून पाहुण्यांची वाट पाहत बसले.

पाहुणे वेळेवर आले. मामा साठीचे, धोतर-टोपीतले, पावसात भिजलेले आणि त्यामुळे थोडे रागावलेले. मुलगा सावळा, रुंद हातांचा. त्याच्या उजव्या मनगटावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग होते आणि ते लपवायला त्याने शर्टाची बाही खाली ओढून धरली होती. त्याने कपाटाकडे पाहिले आणि नजर काढून घेतली, तेव्हा माझ्या लक्षात आले की जिजींनी कोणाकरवी तरी परीक्षेची बातमी परतूरला पोचवली आहे. धुराचा वास जावा म्हणून जिजींनी खिडक्या उघडल्या होत्या. बाहेरून गार, ओली हवा आत येत होती.

पाऊसपाणी झाले. कापसाचा भाव झाला. जमीन किती, ती कुठे, हे दोन्ही बाजूंनी विचारून झाले. मामांनी "मुलीला बोलवा" म्हटले. सुमन पोह्यांचे ताट घेऊन उंबऱ्याच्या आत पाऊल टाकते न टाकते तोच खोलीत बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला.

कपाटाची डावी बाजू खालपासून अर्ध्यापर्यंत उभी फाटली होती. फट बोट जाईल एवढी होती. चार दिवस शेकलेली फळी आकसत होती, तिला आकसायला जागा नव्हती, आणि गार हवेने उरलेले काम केले. हे मला तेव्हाही कळत होते. पण मामांना शेगडीविषयी काही माहीत नव्हते. त्यांनी फुटलेल्या कपाटाकडे पाहिले. मग उंबऱ्यात उभ्या असलेल्या सुमनच्या पायांकडे पाहिले.

"हे बरं न्हाई झालं," ते म्हणाले.

सुमनच्या हातातले ताट हलले नाही, एवढे मला आठवते.

"मुलीनं पाय आत टाकला आन् घरातलं चांगलं लाकूड फुटलं. आम्ही शेतकरी माणसं आहोत पाटील. डोळ्यानं बघितलेलं कसं विसरावं?" मामांनी काढून ठेवलेली टोपी डोक्यावर घातली आणि गुडघ्यावर हात टेकून ते उठू लागले.

ही गोष्ट परतूरपुरती राहणार नव्हती. सुमनला पाहायला गेलो आणि कपाट फुटले, हे संध्याकाळपर्यंत आगगाडीच्या डब्यात सांगितले जाणार होते आणि दिवाळीपर्यंत जिल्ह्यातल्या प्रत्येक सोयऱ्याच्या घरी पोचणार होते. त्यानंतर त्या उंबऱ्यावर कोणी मुलगा घेऊन आला नसता. जिजींनी नवऱ्याकडे पाहिले. खरे काय ते त्यांना माहीत होते, मला माहीत होते, सुमनला माहीत होते. पण ते सांगण्याचा अधिकार ज्याचा होता तो माणूस कपाटाकडे तोंड करून उभा होता. आयुष्यभर लाकडाचे शहाणपण दुसऱ्यांना शिकवत आलेला माणूस. कपाट आपोआप फुटले असे म्हणायला त्याला काही बोलावेच लागणार नव्हते. गप्प राहिले की पुरे होते.

आबा खोलीबाहेर गेले. मला वाटले, त्यांना पाहवत नाही. ते पडवीतून परत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत शेगडी होती. तिच्यात राखेखाली अजून लाल दिसत होते. त्यांनी ती मामांच्या पुढ्यात, पाहुण्यांसाठी अंथरलेल्या सतरंजीवर ठेवली.

"चार दिवस ही त्याच्या बुडाखाली होती," ते म्हणाले. "मी ठेवल्ती. पाऊस पडून राह्यला म्हणून खण उघडेनात, अन् मला तुमच्या पोराला तपासायचं होतं. लाकडाचा दोष न्हाई. पोरीचा तर बिलकुल न्हाई. माझी अक्कल गेल्ती."

मामा अर्धवट उठलेले तसेच राहिले. त्यांनी शेगडीकडे, कपाटाकडे आणि आबांकडे आळीपाळीने पाहिले.

"कपाटाला थंडी वाजून राह्यली होती का पाटील?"

"तसंच समजा."

"आन् रोज शेकलं?"

"रोज."

मामा खाली बसले. त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले तेव्हा कुठे कळले की ते हसत आहेत. "आमच्या गावात एकानं बैलाला गोधडी पांघरली होती," ते डोळे पुसत म्हणाले, "पर तो बैल होता." त्यांनी टोपी काढून पुन्हा शेजारी ठेवली.

सतरंजीला भोक पडत होते. जिजींनी शेगडी उचलून बाहेर नेली. आता मुलगा उभा राहिला. बाह्या दुमडल्या, मनगटावरचे डाग उघडे पडले त्याची त्याला शुद्ध नव्हती.

"आबा, मंग उघडू का?"

"काय?"

"खण. मी तालीम करून आलोय."

"कशावर?"

"आमच्याच टेबलावर. लोखंडी हाय, पर खणच हाय."

आबांनी त्याच्याकडे नीट पाहिले. इतक्या वर्षांत आलेल्या मुलांच्या फक्त हातांकडे पाहण्याची त्यांना सवय होती. या मुलाच्या चेहऱ्याकडे ते पाहत होते, असे मला वाटले.

"पावसाळ्यात तुमचे खण अडकत न्हाईत?"

"अडकत न्हाईत. गंजतात."

"मंग काय करता?"

"शिव्या खातो, आबा."

"बसा," आबा म्हणाले. "राहू द्या तो खण."

त्या घरात परीक्षा माफ झालेला तो पहिला मुलगा. आबा उंबऱ्याकडे वळले. सुमन अजून तिथेच उभी होती. एवढी स्थळे आली आणि गेली, पण तिला कधी कोणी काही विचारल्याचे मी पाहिले नव्हते. आबांनाही ते जमले नाही. त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"तुला?"

सुमनने ताट मामांपुढे ठेवले, पदर सारखा केला आणि मुलाकडे एकदा सरळ पाहून घेतले.

"मला चालंल," ती म्हणाली. "पर हे कपाट मी परतूरला नेणार न्हाई. फुटलेलं न्हाई, आन् सांधून दिलं तरी न्हाई."

"नका नेऊ," मामा घाईने म्हणाले. "आमच्या घरात कपाटांतून वाट काढावी लागते."

आबा कपाटापाशी गेले, फाटलेल्या फळीवर त्यांनी तळवा ठेवला, आणि लगेच काढून घेतला. फळी अजून गरम असावी.

"नको नेऊ," ते म्हणाले. मग मामांच्या शेजारी येऊन बसले आणि पोह्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. "घ्या. गार होऊन राह्यलेत."